गाडीला बफ मारायचं मशीन घेताय? आधी पॅड ठरवा

हार्डवेअरच्या दुकानात ‘गाडीला पॉलिश मारायचं मशीन दाखवा’ म्हटलं की दुकानदार वॉट सांगायला लागतो. आठशे, हजार, चौदाशे. ऑनलाइन शोधलंत तर वॉटच्या जोडीला फेऱ्यांचे आकडे येतात, शिवाय ‘सोबत दहा पॅड मोफत’. गंमत अशी की बॉनेटला मशीन कधी टेकतच नाही. टेकतो तो पॅड, म्हणजे फोमची किंवा लोकरीची चकती, आणि त्यावरचं कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी पेस्ट. मध्यम किमतीच्या मशीनला चांगला पॅड लावला तर काम नीट होतं. महागड्या मशीनला फुकटातला स्पंज लावला तर होत नाही. म्हणून माझा हिशेब असा, की हातात जेवढे पैसे असतील त्यातले निम्म्याहून जास्त मशीनवर घालायचे नाहीत. उरलेल्यात पॅड, बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसतो ती चकती), कंपाउंड, मायक्रोफायबरची कापडं आणि मास्किंग टेप बसले पाहिजेत.

आपल्या कोकण किनारपट्टीवर तर हे जास्तच पाळावं लागतं. जांभ्याची लाल धूळ पॅडमध्ये शिरते, खारी हवा मशीनच्या आत शिरते, आणि पावसाळ्यात धुतलेला पॅड वाळता वाळत नाही. घाटावरच्या कोरड्या हवेत कुणी दोन पॅडवर अख्खी गाडी उरकत असेल, तर ते बघून इथे खरेदी करू नका.

१. गाडीवर नेमकं काय झालंय?

मशीन घ्यायच्या आधी गाडी धुवा आणि उन्हात उभी करून बघा, किंवा रात्री मोबाइलच्या टॉर्चने बघा. काळ्या, निळ्या, गडद लाल गाडीवर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल बारीक रेषा दिसतील. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. त्या येतात बहुतेक वेळा आपल्याच हाताने: सकाळी कामाला निघताना कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय. जांभ्याच्या मातीत लोहाचे आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड असतात, बारीक खडे असतात. कोरडं कापड त्यावरून फिरलं की ते खडे लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओढले जातात. चिरेखाणीच्या रस्त्याला घर असेल तर बघायलाच नको.

या रेषा मशीनने जातात. एखाद्या ओरखड्यावरून नख फिरवल्यावर नख अडकत असेल, तर मात्र तो पूर्ण काढायच्या मागे लागू नका. कंपनीतून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे लॅकर किंवा क्लिअर कोट, साधारण ३० ते ५० मायक्रॉन. पॉलिश म्हणजे हाच थर थोडा घासून सपाट करणं. खोल ओरखडा गायब होईपर्यंत घासलंत तर ओरखड्याबरोबर लॅकरही जाईल. त्याच्या कडा बोथट करायच्या, म्हणजे तो लांबून दिसत नाही, आणि तिथे थांबायचं.

आता किनाऱ्यावरच्या खास गोष्टी. चाकावरची कमान, दाराच्या तळाची कड, डिकीच्या झाकणाची खालची बाजू इथे रंगाखाली फुगे आलेत का ते बोटाने चाचपा. फुगा म्हणजे आत गंज. त्यावर बफ फिरवला तर रंगाचा पापुद्रा उडतो आणि पोलाद उघडं पडतं. तिथे आधी डेंटिंग-पेंटिंगवाला, मग पॉलिश. जुनी गाडी घेतली असेल तर पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे तो नीट धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे, म्हणजे तो भाग पुन्हा रंगवलेला आहे आणि त्याच्यावरचं लॅकर किती जाड आहे याचा भरवसा नाही. प्लास्टिकच्या बंपरवर अर्थातच चुंबक चालत नाही. पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. एका गाडीसाठी घ्यायची गरज नाही, चार जणांच्या गाड्या करणार असाल तर घ्या.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांचं वेगळंच. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट गोड द्रव टपटपत असतो, पुढे कैरी-काजूचा चीक, वर पाखरांची विष्ठा. चिकटपणा कोमट पाण्यात भिजवून काढायचा, खरवडायचा नाही. त्याखाली लॅकर खाल्लं गेलं असेल तर तो डाग पॉलिशने फिका होतो, दर वेळी पूर्ण जातोच असं नाही.

मॅट रंगाच्या गाडीला मशीन लावूच नका, ती चमकायला लागते आणि परत मॅट होत नाही. जुन्या ओम्नी, जीपसारख्या गाड्यांवर कधी कधी लॅकरचा वेगळा थरच नसतो. पॅड फिरवल्यावर त्याला गाडीचा रंग लागायला लागला की समजायचं की हा सिंगल स्टेज रंग आहे. तिथे पॉलिश चालतं, फक्त घासताय तो थेट रंग, हे लक्षात ठेवून हात हलका ठेवायचा.

२. मशीन: तीन जाती, आणि दोन ज्या घ्यायच्याच नाहीत

नकोची गोष्ट आधी. घरात चार इंची ग्राइंडर असतो, बाजारात त्याला लावायचा स्पंजचा पॅडही मिळतो, आणि मग वाटतं झालं की काम. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. लॅकरला एवढा वेग म्हणजे काही सेकंदांत भाजल्याचा डाग. शिवाय चार इंची ग्राइंडरचे आटे एम १० चे असतात आणि पॉलिशिंग मशीनचे बहुधा एम १४ चे. मधे अडॅप्टर घालून जुळवाजुळव करणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका.

दुसरी फसवी वस्तू म्हणजे मोठ्या कापडी टोपीचं, बारा व्होल्टवर चालणारं ‘कार पॉलिशर’. ते वॅक्स पसरवतं. रेषा काढत नाही. वॅक्स हातानेही पसरतं.

आता कामाची मशीनं. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी. पॅड एकाच अक्षाभोवती गोल फिरतो, वेग साधारण ६०० ते ३,००० फेऱ्या, आणि तुम्ही कितीही दाबलं तरी तो थांबत नाही. म्हणून ते झपाट्याने कापतं, म्हणजे लॅकर घासून काढतं, आणि म्हणूनच ते नवशिक्याच्या हातात धोक्याचं. एका जागी दोन क्षण रेंगाळलात की उष्णता साठते. कडेवर गेलात की कडेवरचं लॅकर, जे मुळातच पातळ असतं, संपतं. नीट न फिरवलेल्या रोटरीच्या खुणा उन्हात तिरप्या ढगासारख्या हलताना दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. शोरूममधून ‘डिलिव्हरी पॉलिश’ करून आलेल्या नव्या गाडीवरही त्या सापडतात. बॉशचं, मकिताचं रोटरी आपल्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये असतं. मशीनं चांगलीच आहेत, पण ती रोज वापरणाऱ्यासाठी.

घरच्या माणसाने घ्यायचं ते ड्युअल अॅक्शन, बोलीत डीए. यात पॅड गोल फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात डोलतोही. फिरणं मोकळ्या बेअरिंगवर असतं, त्यामुळे जास्त दाबलं किंवा पॅड तिरका पडला की फिरणं थांबतं आणि नुसतं डोलणं उरतं. हाच त्याचा दोष आणि हीच नवशिक्याची सुरक्षा. चूक झाली तर बहुधा काम होत नाही, गाडी बिघडत नाही. रंग जाळायचाच म्हटला तर डीएनेही जाळता येतो, पण त्याला चांगलाच हट्ट करावा लागतो.

तिसरी जात सक्तीने फिरणाऱ्या डीएची, गिअरवर चालणारी. दाबलं तरी फिरणं थांबत नाही, कापते जोरात, थरथर जास्त, किंमतही जास्त. पहिलं मशीन म्हणून नको.

डीए बघताना चार गोष्टी विचारा. पहिली, थ्रो किती. म्हणजे डोलण्याच्या वर्तुळाचा व्यास: ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटर. २१ चं मशीन बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या सपाट दारांवर मस्त चालतं, पण वळणदार हॅचबॅकच्या बंपरवर सारखं अडतं. ८ चं सोशिक असतं पण वेळ खातं. पहिल्या मशीनला १५ घ्या. गाडी छोटी आणि वळणांची असेल तर १२ सुद्धा छान. दुसरी, वेगाची चकती एक ते सहा अशी हवी आणि बटण दाबल्यावर मशीन हळू सुरू व्हायला हवं. तसं नसेल तर पहिल्याच झटक्याला कंपाउंड तुमच्या शर्टावर. तिसरी, वजन. अडीच किलोच्या आसपासचं ठीक. दाराच्या खालच्या भागाला बसून काम करताना एकेक शंभर ग्रॅम कळतो. चौथी, आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची: कार्बन ब्रश (मोटरमधले झिजणारे कोळशाचे तुकडे) आणि दुरुस्ती कुठे? रत्नागिरी-कुडाळात मिळणार की मशीन कोल्हापूर-पुण्याला पाठवायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. दुकानदार ‘मिळतं हो’ म्हणाला तर ‘दाखवा’ म्हणा.

पेटीवरच्या पाच-सहा हजार फेऱ्यांच्या आकड्याला भुलू नका. डीएवर तो आकडा डोलण्याचा असतो, फिरण्याचा नाही. दाब दिल्यावर पॅड त्याच्या कितीतरी कमी वेगाने फिरतो.

बॅटरीवरची मशीनं छान असतात, वायर गाडीला घासत नाही, लाइट गेली तरी काम थांबत नाही. पण एका बॅटरीवर अख्खी गाडी होत नाही. दोन-तीन बॅटऱ्या आणि चार्जर धरून किंमत काढा, मग ठरवा.

३. बॅकिंग प्लेट आणि माप

बॅकिंग प्लेट म्हणजे मशीनला बसणारी, वेल्क्रोची चकती. पॅड हिच्यावर चिकटतो. पाच इंची प्लेट आणि त्यावर साडेपाच इंची पॅड हे माप बहुतेक गाड्यांना पुरतं. पॅड प्लेटपेक्षा थोडा मोठाच हवा, नाहीतर प्लेटची कड रंगाला घासते. ज्या मशीनचं वजन पाच इंची प्लेटसाठी तोललेलं आहे त्याला उगाच सहा किंवा तीन इंची लावली की हातात थरथर येते. कंपनी जे माप सांगते तेच.

तरीही तीन इंची पॅडची गरज पडतेच: आरशाखाली, दोन दारांमधल्या खांबावर, बंपरच्या खाचांत, मोटरसायकलच्या टाकीवर. स्कूटरचे प्लास्टिक पॅनलही याच मापाचे. यासाठी वेगळं छोटं मशीन घेतात. सुरुवातीला तेवढा भाग हातानेच करा. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटलाही हाच छोटा पॅड लागतो.

प्लेट हातात आली की पहिलं काम: तिच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतोय. रेघ एका जागी थरथरताना दिसली तर दाब जास्त आहे किंवा पॅड सपाट टेकलेला नाही. या एका रेघेने जितकं शिकाल तितकं कुठल्या व्हिडिओने नाही.

४. पॅड: इथे घाई नको

पॅडचे तीन घराणे आहेत: लोकर, मायक्रोफायबर आणि फोम.

लोकरीचा पॅड सगळ्यात जोरात कापतो आणि तुलनेने थंड राहतो, कारण धाग्यांमधून हवा खेळते. लांब लोकरीचा रोटरीला, आखूड लोकरीचा डीएलाही चालतो. मागे धुरकटपणा आणि बारीक रेषा सोडतो, त्या पुढच्या पॅडने काढाव्या लागतात. शिवाय धागे गळतात, ते वायपरच्या खाचेत जाऊन बसतात. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहून खडूसारख्या झालेल्या गाडीला लोकर ठीक. तीन-चार वर्षांच्या घरच्या गाडीला तिची गरज नाही.

मायक्रोफायबर पॅड म्हणजे डीएचा कापणारा हात. पातळ फोमवर मायक्रोफायबरचा थर असतो. स्वर्ल मार्क पटकन जातात. पण तो लॅकरचा चुरा आणि कंपाउंड दोन्ही पोटात धरून ठेवतो, म्हणून दर पॅनलनंतर ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने झाडावाच लागतो. तसं केलं नाही तर दुसऱ्या पॅनलपासून तो कापायचा बंद होतो आणि तापायला लागतो.

फोममध्ये तीन कामं: कापणारा कडक फोम, पॉलिशचा मध्यम, शेवटच्या चमकेचा मऊ. अंगठ्याने दाबून बघा, फरक लगेच कळतो. पण रंगावरून मात्र ओळखू नका. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. लेक कंट्री या कंपनीचा पिवळा पॅड जोरात कापणारा; रुपेस या इटालियन कंपनीचा पिवळा बारीक पॉलिशचा. लेक कंट्रीचा पांढरा मध्यम पॉलिशचा, रुपेसचा पांढरा सगळ्यात मऊ. म्हणजे कुणी ‘पिवळा पॅड मार’ म्हणाला तर ‘कुणाचा पिवळा?’ असं विचारल्याशिवाय हात उचलू नका. पॅडच्या मागे लिहिलेलं काम वाचायचं. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नये. मशीनबरोबर फुकट येणारे दहा रंगांचे दहा पॅड बहुतेकदा याच जातीचे असतात. टायर ड्रेसिंग लावायला ठेवा.

जाडी. जाड, मऊ पॅड हाताला सुखाचा वाटतो, पण मशीनचं डोलणं तो स्वतःच जिरवतो आणि रंगापर्यंत कमी पोचवतो. डीएवर पातळ पॅड जास्त काम करतो. मधे भोक असलेला पॅड घ्या. पॅडचा मध्य सगळ्यात तापतो, भोकामुळे तिथली उष्णता कमी होते आणि प्लेटच्या बरोबर मध्यावर बसवणंही सोपं जातं.

आता किती? एका मध्यम गाडीला, डीएसाठी, मी हे सांगेन: मायक्रोफायबर किंवा कडक फोमचे तीन, मध्यम फोमचे चार, मऊ फोमचे दोन. हे वाचून भुवया उंचावतील, कारण दुकानात एकेक पॅड दाखवून ‘झालं यात’ म्हणतात. एकच पॅड सगळीकडे फिरवला तर तो तापतो, मऊ पडतो, मागचं वेल्क्रो सुटायला लागतं आणि कंपाउंडने भरून घसरायला लागतो. दोन पॅनल झाले की बदला, आधीचा थंड होऊ द्या. आपल्या दमट हवेत धुतलेला पॅड त्या दिवशी परत वापरता येत नाही, म्हणून मध्यम फोमचा एक जास्त. आणि एखादा पॅड जमिनीवर पडला, विशेषतः खळ्यात (अंगणात), तर त्या दिवसापुरता तो बाद समजा. मातीचा एक कण पॅडमध्ये अडकला की तो तुम्ही नुकत्याच घालवलेल्या रेषा नव्याने ओढतो.

पैसे अगदीच बेताचे असतील तर? मध्यम फोमचे चार पॅड आणि एक मध्यम पॉलिश. एवढ्यात बहुतेक घरगुती गाड्या सत्तर-ऐंशी टक्के सुधारतात. कापणारे पॅड पुढच्या वर्षी.

५. कंपाउंड

यावर फार लिहीत नाही. एक कापणारं कंपाउंड, एक बारीक पॉलिश, दोन्ही शक्यतो एकाच कंपनीचं. डब्यातली जुनी, जाड रबिंग पेस्ट ताज्या रंगावरचे मोठे दोष घासायला असते, घरच्या गाडीच्या जाळीदार रेषांना नाही. ज्या पॅडला एक कंपाउंड लागलं तो पॅड त्याच कंपाउंडचा. मागे मार्करने लिहून ठेवा.

६. जागा, वारा आणि वीज

सावली हवी आणि पत्रा गार हवा. बॉनेटवर हाताची उलटी बाजू आरामात ठेवता आली पाहिजे. दिवाळीनंतर खळ्यात मांडव पडतो, त्याखाली जागा छान मिळते, पण झावळ्यांचा भुसा वरून गळतो. वर एक ताडपत्री बांधा. सारवलेलं खळं असेल तर तासभर आधी हलका सडा मारा म्हणजे धूळ बसते, आणि जमीन सुकल्यावरच वायर पसरा. सकाळी जमिनीकडून मतलई वाहतो तेव्हा काम करा. दुपारकडे खारा वारा सुटला की किनाऱ्याजवळच्या घरांत हवेबरोबर बारीक वाळू आणि मीठ येतं. हिवाळ्यात पहाटे दव पडलेलं असतं, ते पुसून सुकेपर्यंत थांबा.

गाडी धुण्याबद्दल एवढंच: दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून गाडी नेली असेल, समुद्राच्या पुळणीवर फिरवली असेल किंवा हायवेवर मासळीच्या ट्रकमागून आली असेल, तर आधी भरपूर पाण्याने वरून खाली खंगाळा, मग शॅम्पू. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. शेवटचं पाणी गोडं वापरा, नाहीतर सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. धुतल्यावर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून रंगावरून फिरवा. खरखरीत लागलं तर क्ले बारने (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी), भरपूर साबणपाणी लावून, ती खरखर काढा. ती न काढता मशीन लावलं तर तीच खरखर पॅडखाली फिरणार.

वीज. ९०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर चार अँपियरच्या आसपास घेतं, त्यामुळे साधं सॉकेट चालतं. एक्स्टेन्शन मात्र तीन पिनांचं, दीड चौरस मिलिमीटर वायरचं हवं आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली. अर्थिंग तपासून घ्या. घरात आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर ओल्या जमिनीवर हे काम करू नका. लाइट गेली म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर मशीन लावायचा मोह आवरा: एक तर तो एवढ्या भाराला पुरत नाही, दुसरं म्हणजे साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर मशीनच्या वेग-नियंत्रकाला सोसत नाही. लाइट गेली की पॅड उचला, बटण बंद करा, चहा घ्या. बटण चालू ठेवून मशीन बॉनेटवर ठेवलंत आणि लाइट आली, तर मशीन एकटंच चालायला लागेल.

७. पहिली चौकट

बॉनेटवर अंदाजे दीड फूट बाय दीड फुटाची चौकट मास्किंग टेपने आखा. रबरी पट्ट्या, चिन्हं, काळे प्लास्टिक, पॅनलच्या धारदार कडा यांनाही टेप लावा. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. ओढणी, उपरणं, गळ्यातली साखळी बाजूला. वायर खांद्यावरून मागे टाका.

सुरुवात मध्यम फोम आणि बारीक पॉलिशने. कापणारा पॅड पहिल्यांदा उचलायचा नाही. पॅडच्या तोंडावर पॉलिश बोटाने सगळीकडे पातळ चोळा, मग हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच चौकटीवर थापून पसरवा, मग पॅड टेकलेला ठेवूनच सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. पॉलिश पसरलं की वेग चार-पाचवर न्या. हात सरकतो सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे पहिल्यांदा कंटाळा येईल इतका सावकाश. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या निम्म्यावरून. आडव्या ओळी झाल्या की उभ्या, असे चार ते सहा फेरे. दाब मशीनच्या वजनाहून थोडाच जास्त. लक्ष मार्करच्या रेघेवर. थांबताना आधी मशीन थांबवा, मगच उचला.

पुसताना मायक्रोफायबर स्वच्छ हवं. नंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून पुन्हा पुसा. पॉलिशमधलं तेल रेषा तात्पुरत्या भरून काढतं आणि सगळं छान झाल्याचा भास होतो. तेल पुसल्याशिवाय खरं दिसत नाही. मग टॉर्च.

रेषा गेल्या? तर अख्ख्या गाडीला पॅड-पॉलिशची हीच जोडी. उरल्या असतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी दोन फेरे जास्त, मग त्याच जातीच्या दुसऱ्या पॅडवर कापणारं कंपाउंड, आणि तेही पुरलं नाही तरच कडक फोम किंवा मायक्रोफायबर. कुठल्या गाडीचं लॅकर मऊ निघेल नि कुठल्याचं कडक, हे एका कंपनीच्या दोन रंगांतही बदलतं. दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी तुमच्या गाडीवर चालेल असं गृहीत धरू नका.

पंधरा मिनिटांत चौकट होते, पूर्ण गाडीला दिवस जातो, बहुधा दोन. घाई असेल तर बॉनेट, छत आणि डिकी एवढंच करा; ऊन तिथेच लागतं आणि नजरही तिथेच जाते. प्लास्टिकचे बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतात, तिथे वेग एक घर खाली. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. उघड्या, ताज्या घासलेल्या लॅकरवर मीठ आणि विष्ठा फार लवकर खूण करतात. एवढं झालं की कापणारं काम पुढची दोन-तीन वर्षं नको, मधे फक्त मऊ पॅड. लॅकर पुन्हा उगवत नाही.

८. पॅड धुणं, आणि पावसाळा

काम संपलं की पॅड तसेच डब्यात टाकू नका. कंपाउंड वाळून दगड होतं. कोमट पाणी, थोडा शॅम्पू, मऊ ब्रश, बोटांनी दाबून दाबून पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत. पिळायचा नाही, पिळला की फोम आणि वेल्क्रो यांच्यामधला गोंद सुटतो. पाणी दाबून काढा, पॅड मशीनला लावून बादलीत धरा आणि कमी वेगावर काही सेकंद फिरवा, उरलेलं पाणी उडून जातं. वाळवताना तोंड खाली, वेल्क्रो वर, सावलीत. कडक उन्हात फोम ठिसूळ होतो.

मिरग लागायच्या आधी सगळे पॅड कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओलसर राहिलेल्या पॅडला श्रावणापर्यंत बुरशी येते आणि तो वास पुढे जात नाही. मशीनही पिशवीत, जमिनीपासून वर. अधूनमधून दोन मिनिटं रिकामं फिरवा आणि हवेच्या जाळीतला लाल चुरा फुंकून काढा. जाळी तुंबली की मोटर तापते. कार्बन ब्रश झिजले की मशीन आचके देतं आणि आत ठिणग्या जास्त दिसायला लागतात. ते बदलायला स्क्रूड्रायव्हर पुरतो, म्हणून एक जोडी मशीनबरोबरच घेऊन ठेवा.

दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आठवडाभर आधी डबा उघडा. पॅड प्लेटवर चिकटवून बाजूला ओढून बघा. सहज निघाला, फोमला कडेला चीर गेली असेल किंवा दाबल्यावर तो परत फुगत नसेल, तर नवा आणा.